चोखोबांनी ‘देह ठेवला’ नव्हता : मंगळवेढ्याच्या फलकाचा मजकूर ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मंगळवेढ्याच्या ओळखीचा फलक उभा करणारी मंडळी,
आणि ज्यांना तो फलक येता-जाता वाचावा लागणार आहे ते सगळे.

विषय : मसुद्यातली चौथी ओळ.

रामकृष्ण हरी.

तुमची नावं इथं लिहीत नाही. आपलं गाव तालुक्याचं असलं तरी लहान आहे, उद्या दूध आणायला गेलो की भेट होणारच. शिवाय माझं भांडण माणसांशी नाही, एका ओळीशी आहे.

मागच्या महिन्यात तुमच्यापैकी दोघं माझ्या घरी आले होते. चहा झाला, यंदाच्या ज्वारीचा विषय निघाला, मग पिशवीतून एक छापील कागद बाहेर आला. गावात शिरताना दिसेल असा काळ्या ग्रॅनाइटचा फलक बसवायचा आहे, त्यावरचा हा मजकूर. “तुम्ही गाडीत इतिहास सांगत होता ना, एकदा नजर घाला. फक्त शुद्धलेखन बघा.” मी नजर घातली. शुद्धलेखनाच्या सहा चुका काढल्या, त्या तुम्ही जागच्या जागी मान्य केल्या. सातवी काढली ती शुद्धलेखनाची नव्हती. तिच्यावर दोन दिवसांनी फोन आला, “मास्तर, वाद नको.” (वाहकाला मास्तर म्हणायची आपल्याकडची पद्धत. शाळेशी माझा संबंध विद्यार्थी म्हणूनच आला, आणि तोही फार काळ नाही.)

ती चौथी ओळ अशी : ‘थोर संत चोखामेळा यांनी याच पुण्यभूमीत देह ठेवला.’

देह ठेवणं हे ज्याचं त्यानं करायचं काम असतं. दिवसभराचं काम आटोपल्यावर पागोटं खुंटीला ठेवावं तसं. म्हाताऱ्या साधुपुरुषाला वेळ कळते, तो शिष्यांना जवळ बोलावतो, डोळे मिटतो, मग आपण म्हणतो देह ठेवला. चोखोबांच्या बाबतीत यातलं काहीच घडलं नाही. परंपरा जे सांगते ते तुम्हालाही पाठ आहे. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चाललं होतं. त्या कामावर वेठीला धरून आणलेली माणसं होती आणि त्यांत चोखोबा होते. काम चालू असताना तट कोसळला आणि माणसं खाली गाडली गेली. ते वर्ष शके 1260, म्हणजे इसवी सन 1338, तिथी वैशाख वद्य पंचमी. बातमी पंढरपुरात पोचली तेव्हा नामदेव आले. ढिगाऱ्यातली हाडं एकेक उचलून ते कानाशी लावत होते, आणि ज्या हाडातून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून वेगळी काढत होते. ती त्यांनी पंढरीला नेली आणि महाद्वारासमोर समाधी दिली.

हाडातून नाम ऐकू आलं का, यावर मी वाद घालणार नाही. पण या गोष्टीत एक बाब अशी आहे की जिच्यासाठी भक्त असायची गरज नाही. ढिगाऱ्यात हाडं इतकी मिसळली होती की कोणाचं कुठलं ते ओळखता येत नव्हतं. म्हणजे मेलेले अनेक होते. एकाची ओळख पटली कारण त्याचा मित्र नामदेव होता. बाकीच्यांचं काय झालं, ते गोष्ट सांगत नाही. आणि तुमची चौथी ओळ तर त्या एकालासुद्धा ढिगाऱ्यातून काढून, अंग पुसून, मांडी घालून बसवते.

माझा या सगळ्याशी काय संबंध, असं कोणी विचारील म्हणून सांगतो. मी एसटीत 31 वर्षं वाहक होतो. सोलापूरची फेरी असली की तिऱ्हे, कामती, बेगमपूर, मग भीमेचा पूल, पलीकडे माचणूर, ब्रह्मपुरी आणि आपलं गाव. पंढरपूरची असली की पंचवीसेक किलोमीटर, तिकिटं फाडून होईपर्यंत गाव आलेलं असायचं. आषाढी-कार्तिकीला जादा गाड्या सुटायच्या. तेव्हा उभ्या माणसांतून वाट काढताना लोक विचारायचे, हे कोणतं गाव, इथं काय आहे. पहिली काही वर्षं मी फक्त ‘मंगळवेढा, मंगळवेढा’ ओरडत होतो. मग सांगायला लागलो. माचणूरचा पूल आला की उजवं-डावं बोट दाखवायचो. हे सिद्धेश्वराचं देऊळ, हा किल्ला. या ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी 1695 पासून 1699 पर्यंत पडली होती, दिल्लीचा बादशहा चार वर्षं आपल्या या रस्त्यावर राहायला होता म्हणा ना. अलीकडे बेगमपूर, तिथं त्याच्या मुलीची कबर आहे असं सांगतात. लोक खिडकीतून वाकून बघायचे. मला बरं वाटायचं.

एका कार्तिकीला पंढरपुराहून निघालेल्या गाडीत एक म्हातारी होती. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, सोबत कोणी नाही. तिकीट देताना मी सवयीनं विचारलं, कुठल्या तुम्ही आजी? मेहुणा राजाच्या, म्हणाली. बुलढाणा जिल्ह्यातलं, देऊळगाव राजाकडचं ते गाव. चोखोबांचा जन्म तिथला असं तिकडची माणसं मानतात, त्यांचं तिथं देऊळ आहे. मी नेहमीचं सुरू करणार तोवर तिनंच विचारलं, “आमच्या गावचं लेकरू तुमच्या भितीखाली दबून मेलं. कुठं हाय ती भित?”

मला सांगता आलं नाही. जन्म इथं गेला, आणि कूस कुठून कुठं जात होतं ते मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, आजी, आता गाव लई वाढलंय. ती काही बोलली नाही. गावात उतरली आणि स्टँडच्या फाटकातून बाहेर पडताना एकेका घराच्या भिंतीकडं बघत गेली.

आणखी एक सांगायला हवं. माझं घर पिढ्यान्‌पिढ्या कुसाच्या आतलं. ज्यांनी तो तट बांधला ते बाहेर राहणारे होते, आणि ज्यांच्यासाठी बांधला ते आतले, म्हणजे आमचे. दरोडेखोर, फौजा, लांडगे यांच्यापासून आमची घरं राखायला बाहेरची माणसं वेठीनं आणली आणि त्यांच्यावरच ती भिंत पडली. म्हणून हे पत्र बाहेरच्यांपैकी कोणी लिहायच्या आधी मी लिहावं असं मला वाटलं. ते लिहितील तेव्हा तुम्ही म्हणाल, हे जातीवर घेतात. माझ्याबद्दल तसं म्हणता येणार नाही.

आता मसुद्याबद्दल. एकूण अकरा ओळी आहेत आणि त्याखाली सौजन्याच्या चार. सौजन्याच्या चारांत माझी काही हरकत नाही, तिथं सगळी नावं शुद्ध आहेत.

चौथ्या ओळीबद्दल लिहिलं. पण ती एकटी नाही, हे मला कागद तिसऱ्यांदा वाचताना कळलं. पाचवी ओळ घ्या. ‘दुष्काळात अन्नदान करणाऱ्या संत दामाजीपंतांचे कर्ज साक्षात पांडुरंगाने फेडले.’ वाचायला गोड आहे. पण दामाजीपंतांनी घरातलं धान्य वाटलं नव्हतं. ते बिदरच्या बहामनी सुलतानाचे इथले अधिकारी होते आणि वाटलं ते सरकारी कोठार. पदरचं वाटणं हे पुण्य. मालकाचं कोठार हुकमाशिवाय उघडणं म्हणजे मान कापून घ्यायची तयारी. मंगळवेढ्याला अभिमान असायला हवा तो या दुसऱ्या गोष्टीचा, आणि ओळीत ‘अन्नदान’ घालून तुम्ही तिचं सत्यनारायणाचं जेवण करून टाकलंत. कर्ज तर कधी नव्हतंच. तो सरकारी मालाचा हिशेब होता.

आणि साक्षात पांडुरंग बिदरला गेला तो कोणाच्या रूपात? गावातलं शेंबडं पोर सांगेल, विठू महाराच्या. काठी, घोंगडी, डोक्याला फडकं, दरबारात जोहार, कमरेची थैली सोडून मोहरा ओतणं, पावती घेणं. कीर्तनकार ही गोष्ट रंगवतात तेव्हा या वेषावरच तर अर्धा तास घालवतात. देव कोणत्याही रूपात जाऊ शकला असता, सावकार होऊन गेला असता तर दरबारानं लोड-तक्के मांडले असते. गोष्ट रचणाऱ्यांनी त्याला विठू महार केलं, आणि ते या गावच्या गोष्टीत केलं, जिथं शंभरेक वर्षांपूर्वी तटाखाली चोखोबा गेले होते. यात काही धागा आहे की नाही हे मी सिद्ध करू शकत नाही. पण फलकातून ‘विठू महार’ काढला की धागा शोधायचंही कारण उरत नाही. ‘जागा कमी आहे’ असं तुम्ही फोनवर म्हणालात. दोन शब्द आहेत. सौजन्याच्या एका ओळीत असे आठ बसलेत.

सहावी ओळ कान्होपात्रेची. ‘संत कान्होपात्रा पंढरीत विठ्ठलचरणी विलीन झाल्या.’ का झाल्या? शामा नावाच्या गणिकेची ही मुलगी. तिच्या रूपाची कीर्ती बिदरपर्यंत गेली, बादशहाची माणसं न्यायला आली, तेव्हा तिनं विठोबाच्या पायाशी प्राण सोडला. देवळाच्या आवारात तरटीचं झाड दाखवतात ते तिचं. आईचं नाव नको, बादशहाची माणसं नकोत, नकार नको, मग ओळीत उरलं काय? विलीन होणं. साखर दुधात विलीन होते. ही बाई धरून न्यायला आलेल्यांना नाही म्हणाली होती.

आता तिन्ही ओळी शेजारी ठेवून बघा. वेठ गेली, महार गेला, गणिका गेली. अकरा ओळींत नेमकी हीच तीन माणसं सोवळ्यात का आली? तुम्ही मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. तुमच्यापैकी कोणी हे ठरवून केलेलं नाही, याची मला जवळजवळ खात्री आहे. हात आपोआप तिकडं जातो. माझाही गेला असता, मेहुणा राजाची ती म्हातारी भेटली नसती तर.

आणखी एक नाव या फलकावर नाही, आणि ते नसणं मला सगळ्यांत जास्त लागलं. सोयराबाई. चोखोबांची बायको, स्वतः अभंग करणारी, विटाळ देहालाच असतो तर मग विटाळावेगळा कोण, असा प्रश्न देवाला नाव घेऊन विचारणारी. चोखोबांची बहीण निर्मळा, तिचा नवरा बंका, मुलगा कर्ममेळा, यांचेही अभंग आहेत. एका घरातली पाच माणसं कवी! महाराष्ट्रात अशी घरं किती निघतील? कर्ममेळ्याचे शब्द तर बापापेक्षाही धारदार आहेत, तो देवाला सरळ जाब विचारतो. ज्या गावाशी हे घर जोडलेलं आहे त्या गावाच्या फलकावर पाचांतला एकच, आणि त्याचंही मरण गुळगुळीत केलेलं.

बाकीच्या ओळींवर भराभर जातो. बसवेश्वरांबद्दल ‘थोर समाजसुधारक’ लिहिलंय, ते खरं आहे, पण कुठल्याही गावाच्या फलकावर चालेल. मंगळवेढ्याचं म्हणून जे सांगायचं ते असं की बाराव्या शतकात कलचुरी घराण्यातल्या बिज्जल राजाची राजधानी कल्याणला जायच्या आधी इथं होती, आणि बसवण्णा त्याच्या खजिन्यात हिशेबनीस होते. पुढे ज्यांनी जात मोडायचं धाडस केलं त्यांचे कारकुनीचे दिवस या गावात गेले. मला हिशेबाच्या पेटीमुळे हे फार जवळचं वाटतं, हसू नका.

जयतीर्थांचं नाव पूर्णपणे गळलंय. द्वैत वेदान्तातले टीकाचार्य म्हणून ज्यांना मानतात, ते परंपरेप्रमाणे इथले. कर्नाटकातून माध्व मंडळी, म्हणजे द्वैतमताच्या मध्वाचार्यांना मानणारी, यासाठी म्हणून येतात, स्टँडवर उतरून कन्नडमध्ये पत्ता विचारतात. बसवण्णांसाठी येणारेही कन्नडच बोलतात. आपल्या तालुक्याची हद्द कर्नाटकाला लागून आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. फलक मात्र मराठी आणि इंग्रजीत. इंग्रजी कोणासाठी ते मला अजून उमगलेलं नाही. 31 वर्षांत इंग्रजीत पत्ता विचारणारे मी बोटांवर मोजीन, कन्नडमध्ये विचारणाऱ्यांमुळं मी कामापुरतं कन्नड शिकलो.

आठवी ओळ, ‘छत्रपती शिवरायांच्या पदस्पर्शाने पावन’. इथं जपून लिहितो. पुरंदरच्या तहानंतर आणि आग्र्याला जायच्या आधी मिर्झाराजे जयसिंगाची विजापूरवर मोहीम झाली, तहामुळं महाराज आपल्या फौजेसह तीत होते, आणि त्या मोहिमेत, डिसेंबर 1665 मध्ये, मंगळवेढ्याचा किल्ला मुघलांच्या हाती आला. हा महाराजांच्या आयुष्यातला सर्वांत अवघड काळ. तो तसा सांगितला तर शाळेतल्या पोराला तह म्हणजे काय ते कळेल, आणि पुढच्या वर्षी आग्र्याहून सुटणं किती मोठं होतं तेही कळेल. ‘पदस्पर्श’ लिहिला की काही कळायचं उरत नाही.

सांगली संस्थानाचा उल्लेख नाही. 1948 ला संस्थानं विलीन होईपर्यंत आपण पटवर्धनांच्या सांगलीचा तालुका होतो. शंभरावर किलोमीटर लांबच्या राजधानीचे, आणि शेजारचं पंढरपूर इंग्रजी मुलुखात. जुन्या कागदांवर अजून सांगलीचे शिक्के सापडतात. आजच्या पोरांना हे सांगितलं तर थापा वाटतात.

ज्वारीवर तुम्ही दोन ओळी दिल्यात, त्या चांगल्या आहेत, मला आवडल्या. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं हे त्यात आलं पाहिजे होतं आणि आलंय. फक्त ‘कोरडवाहू’ हा शब्द घाला. पाण्याच्या पाटावर पिकणारी ही ज्वारी नव्हे. पावसाळ्यात काळ्या रानानं पोटात धरून ठेवलेली ओल आणि थंडीतलं दव, एवढ्यावर आपली मालदांडी ज्वारी उभी राहते. काढणीनंतर रान फाटतं, भेगांत हात जाईल एवढं, तेव्हा कळतं त्यानं किती ओल दिली होती. दक्षिण भागातल्या गावांनी पाण्यासाठी किती वर्षं घासली तो विषय वेगळा, तो फलकावर नको, तो दुसऱ्या पत्रात.

हुलजंतीच्या महालिंगरायाची दिवाळीची यात्रा ‘इतर’मध्ये टाकलीय. ढोल आणि भंडारा घेऊन महाराष्ट्रातून, कर्नाटकातून पालख्या येतात, त्या रात्री आमच्या सगळ्या गाड्या तिकडं लागायच्या. ‘इतर’ हा शब्द काढा एवढंच.

आता मागण्या. शांतपणे लिहितो.

‘देह ठेवला’ काढून तिथं असं लिहा : ‘गावकुसाच्या बांधकामावर वेठीनं राबत असताना तट कोसळून संत चोखामेळा आणि त्यांच्यासोबतचे मजूर गाडले गेले, असे परंपरा सांगते. शके 1260, वैशाख वद्य पंचमी.’ यात कोणावर आरोप नाही. कोणाच्या पूर्वजाचं नाव नाही. ‘सोबतचे मजूर’ हे शब्द मात्र गाळू नका, नाहीतर मी परत पत्र लिहीन. सोयराबाई, निर्मळा, बंका, कर्ममेळा ही चार नावं त्याखाली द्या. विठू महार आणि शामेची मुलगी, दोघंही परत आणा.

जिथं आख्यायिका आहे तिथं ‘परंपरा सांगते’ लिहा आणि जिथं इतिहास आहे तिथं साल लिहा. दोन्ही एकाच सुरात लिहिलं की वाचणारा दोन्हींवर विश्वास ठेवत नाही.

फलक कन्नडमध्येही करा. इंग्रजी काढायला मी सांगत नाही, खाली सरकवा.

मजकूर कोरण्याआधी साध्या कागदावर छापून महिनाभर स्टँडवर लावा. एसटीची वाट बघणाऱ्या माणसाइतका निवांत वाचक दुसरा नाही. चुका तोच काढील, आणि फुकट काढील.

शेवटची मागणी जरा कष्टाची आहे. कुसाची रेघ शोधा. गावात अजून अशी माणसं आहेत ज्यांच्या आज्यांनी त्यांना सांगितलं होतं, इथून आत, इथून बाहेर. ऐंशी-नव्वदीतली आहेत, फार दिवस नाहीत. त्यांना खुर्चीवर बसवून गल्लीगल्लीतून फिरवा. जुने नकाशे, जमिनीची जुनी दप्तरं, सांगलीकडचे कागद, जिथं मिळतील तिथं बघा. आतल्या गल्ल्यांची आणि बाहेरच्या वस्त्यांची नावं अजून बोलतात, ती ऐका. जेवढी रेघ पक्की निघेल तेवढी रस्त्यात दगड बसवून दाखवा. भिंत परत बांधायला कोणी सांगत नाही. पाच-पंचवीस दगड जमिनीसरशी, त्यावरून मोटारसायकल जाईल, बैलगाडी जाईल. या कामाला मी येतो, रोज येतो, निवृत्त आहे.

तुमचा एक मुद्दा मी विसरलेलो नाही, त्याचं उत्तर द्यायचं राहिलं. तुमच्यापैकी एकजण म्हणाला, “मास्तर, गावात शिरतानाच माणसाला मरणाची गोष्ट कशाला सांगायची, लोकांना चांगलं वाचायला आवडतं.” बरोबर आहे. पण आपल्या गावात माणसं काय बघायला येतात? ते काही धबधबा बघायला येत नाहीत. ती येतात ती याच गोष्टीसाठी. पंढरपुरात चोखोबांच्या समाधीवर डोकं टेकवून ती पंचवीस किलोमीटर पुढं येतात. तिथं ही समाधी देवळाच्या बाहेर आहे, कारण जिवंतपणी त्यांना आत जाता येत नव्हतं. त्यांच्या माणसांना ते दार उघडायला 1947 साल यावं लागलं, साने गुरुजींचं उपोषण व्हावं लागलं. चोखोबा गेल्यानंतर 609 वर्षांनी. ज्याला हे सगळं माहीत आहे त्या माणसाला आपण वेशीवर सांगणार की त्यांनी इथं देह ठेवला. तो फलक वाचील, नमस्कार करील, आणि मनात म्हणेल, या गावाला अजून सांगता येत नाही.

पंढरपूर तिथलं जे होतं ते सांगतं, समाधीच दाराबाहेर आहे, लपवणार कसं? आपल्याकडं भिंत उरलेली नाही, म्हणून आपलं सोपं झालं.

मसुद्याचा कागद या पत्रासोबत परत पाठवत आहे. शुद्धलेखनाच्या सहा दुरुस्त्या लाल पेननं केल्या आहेत. चौथ्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली आहे आणि मागच्या कोऱ्या बाजूवर कुसाचा एक नकाशा काढायला घेतला आहे. मला जेवढं आठवलं, शेजारच्या आजोबांना जेवढं आठवलं, तेवढाच आहे. पूर्वेची बाजू सगळी मोकळी आहे. ज्याला ठाऊक असेल त्यानं भरावी.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक,
मंगळवेढा